पाच फूट आठ इंचांचा नवस

नवस म्हणजे मागितलं, मिळालं, फेडलं, विषय संपला, असं मला वाटायचं. माझ्या एका नवसाने मात्र मला चांगलंच दमवलं. त्यातून इतके किस्से निघालेत की पेणच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपून चहा सुरू झाला की कुणी ना कुणी त्यातला एक काढतंच. आणि सांगणारा बदलला की किस्सा वाढतो. परवा एकाने तर कधी न घडलेला प्रसंग मलाच रंगवून सांगितला. तेव्हा म्हटलं, ज्या बाईने नवस केला तिनेच एकदा सगळं नीट सांगावं.

आमचे हे डोलवीच्या कंपनीत फिटर होते. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं आणि छातीत दुखायला लागलं. नवी मुंबईला ऑपरेशन ठरलं. थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी मरियामातेला म्हटलं, "माऊली, हे आपल्या पायांनी चालत घरी आले तर ह्यांच्या उंचीची मेणबत्ती लावीन." आमच्यात असा नवस करतात. ज्याच्यासाठी मागायचं त्याच्या मापाची मेणबत्ती.

हे चालत घरी आले. पाच फूट आठ इंच, सगळेच्या सगळे.

मी मेणबत्तीवाल्याला फोन लावला. उंची सांगितली. तो म्हणाला, "बाई, नुसती उंची, का जाडीपण?"

मी खुर्चीत बसलेल्या ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "नुसती उंची."

*

ऑर्डर पक्की करायच्या आधी फादरना सांगावं म्हणून गेले. आमचे फादर वसईचे. केळीच्या वाडीत वाढलेले, त्यामुळे हातात बायबल नसेल तेव्हा खुरपं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, एवढी मेणबत्ती दोन दिवसांत जळून जाईल. मग फरशीवरचं मेण खरवडायला कोण येणार?"

मीच. दर वेळी मीच येते.

ते म्हणाले, "त्यापेक्षा त्यांच्या उंचीचं झाड द्या. उंडी लावू. उंडीच्या बियांच्या तेलावर जुन्या लोकांचे दिवे जळायचे. म्हणजे नवस दिव्याचाच राहील."

मला धाकधूक. बोललेला नवस असा बदलता येतो का? मी विचारलं, माऊलीला चालेल का. फादर म्हणाले, विचारून सांगतो. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चालेल म्हणाली. पण नुसतं रोप लावून नवस फिटणार नाही. झाड ज्या दिवशी ह्यांच्या उंचीला लागेल त्या दिवशी फिटला."

मला वाटलं, हे वैतागतील. तर ह्यांचा चेहरा एकदम खुलला. उंडीला वाढायला किती वर्षं लागतात, फादरना विचारून घेतलं. चार-पाच, म्हटल्यावर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तोवर देव मला नेत नाही. नवस अर्धवट असताना माणूस कसा नेईल?"

सगळे हसले. मीही हसले.

तेव्हापासून मला वाटायचं नवस लवकर फिटावा, आणि ह्यांना वाटायचं सावकाश फिटावा. पुढचे सगळे किस्से ह्या दोघांमधल्या ओढाताणीतले.

*

रोप आलं रोह्याहून. फादर रविवारी दुपारी रोह्याला मिस्सा करायला जातात. तिथल्या एका बाईंच्या परसात मोठी उंडी आहे, तिच्याखाली उगवलेलं वीतभर रोप त्यांनी मातीच्या कुंडीतून आणलं. एसटीत गर्दी होती. एका आजीने रोपाला बसायला जागा दिली आणि फादर वडखळपर्यंत उभे राहिले.

आता एक रोप लावायला कितीशी तयारी लागते? पण फादरनी मिस्सामध्ये जाहीर केलं की चर्चमागच्या पडीक जागेत वृक्षारोपण आहे, शेजारपाजाऱ्यांनाही बोलवा. आमच्या चर्चमध्ये वीसेक कुटुंबं. नर्सेस, कंपनीतले केरळचे नि झारखंडचे कामगार, आणि आमच्यासारखे जुने. ह्यांच्या हाताखाली शिकलेला थॉमस म्हणाला, "सर का पेड है, खड्डा मैं देखता हूँ."

रविवारी बघतो तर जेसीबी आलेली. थॉमसच्या ओळखीची. दोन फुटांचा खड्डा हवा होता. यंत्राने दोन घास घेतले आणि विहिरीचं काम काढल्यासारखं दिसायला लागलं. फादर आत उतरून उभे राहिले तर खांद्यापर्यंत बुडाले. तिथूनच वर बघत शांतपणे म्हणाले, "थॉमस, रोप लावायचंय. मला नाही."

उंडीसाठी शेजारी दुसरा खड्डा ह्यांनी फावड्याने खणला. मोठ्या खड्ड्यात दगड-वाळू भरून चर्चच्या छपराचं पावसाचं पाणी सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या दोन घरांच्या बोअरिंगला मेमध्येही पाणी राहिलं. आता ती मंडळी दर पावसाळ्याआधी विचारायला येतात, जेसीबी परत कधी येणार.

*

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माप घ्यायचं ठरलं. झाडाशेजारी ह्यांनी उभं राहायचं. पहिल्या मापाला झाड ह्यांच्या घोट्याच्या वर. पुढे पोटरी, गुडघा. हे गमतीगमतीत चालायचं, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एरवी चपला घालून चर्चला येणारे हे, मापाच्या रविवारी कंपनीतले जुने सेफ्टी शूज घालायचे. तळ चांगला दोन बोटं जाड.

मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात बूट कशाला? तर म्हणाले, "झाडाजवळ साप असतात."

सप्टेंबर काय नि जानेवारी काय, साप फक्त पहिल्या रविवारी यायचे.

*

दुसऱ्या वर्षी फादरनी श्रमदान ठेवलं. आमच्या आळीतला बचत गटही आला. बायकांच्या हाताला भलताच वेग. कोपऱ्यातलं सगळं गवत तासाभरात साफ. मी सरबत करत होते आणि मागून ओरडा ऐकू आला, "थांब गो! ती उंडी हाय!"

ओरडली बायाबाई. ती जवळच्या कातकरी वाडीवरची. मजुरीला जाते, आणि पेणमध्ये जमिनीतून जे काही उगवतं त्याची तिला नावानिशी ओळख. गटाच्या अध्यक्षबाईंनी उंडीला दोन्ही हातांनी धरलेलं होतं, उपटायच्या बेतात. बायाबाईने करवंदीचे काटे आणून उंडीभोवती कुंपण केलं. मग अध्यक्षबाईंना म्हणाली, "बाय, तू जे उपाटलंस ना, त्यात कुरडू व्हती, टाकळा व्हता. चार घरची भाजी टाकलीस."

त्यातून पुढल्या वर्षीपासून आमच्या चर्चमध्ये श्रावणात रानभाज्यांचा रविवार सुरू झाला. बायाबाई ओळखायला शिकवते, आम्ही शिजवतो, आळी जेवायला येते. अध्यक्षबाई दर वर्षी येतात. पण त्यांना खुरपं कुणी देत नाही.

*

हा नानांचा किस्सा. नानांचा आमच्या शेजारीच गणपतीचा कारखाना. फादरनी ठरवलं की नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती प्लास्टिकच्या नकोत, शाडूच्या करू. नाना म्हणाले, त्यात काय, देव तो देव. काम घेतलं.

चोवीस तारखेला मूर्ती आल्या. सुंदर. डोळे असे की बघत राहावं. फक्त मरियामातेच्या नाकात नथ होती. नाना म्हणाले, "गौरीचा मुखवटा वापरला. लेकुरवाळी बाई, मोकळं नाक बरं नाही दिसत." योसेफबाबाला फेटा. बाळ येशूचा उजवा हात आशीर्वादाला वर, आणि डावा पुढे केलेला, तळवा उघडा. नर्सबाईंच्या मुलीने विचारलं, "ह्याचा मोदक पडला का?"

मेंढ्या मात्र आम्हाला ओळखू येईनात. कान मोठे, शेपटी लांब, अंगावर लोकर. नाना जरा ओशाळले. मेंढीचा साचा त्यांच्याकडे नव्हता. जो होता त्याच्यावर त्यांनी लोकर चढवली होती.

फादरनी गुडघे टेकून जवळून बघितलं. मग म्हणाले, "गोठा आहे. उंदीर असणारच."

सण झाल्यावर मूर्ती आवारातल्या पाण्याच्या टाकीत विरघळवून ती माती उंडीला घालायची ठरली. नाना मुद्दाम आले. असंच कसं बुडवता, काहीतरी म्हणा की, असं त्यांचं म्हणणं. मग आमच्या गायकवृंदाने एक भक्तिगीत म्हटलं. मूर्ती टाकीत उतरल्या आणि नानांच्या तोंडून सवयीने मोठ्याने निघालं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

फादर म्हणाले, "लवकर नाही नाना, पंचवीसलाच येतात."

*

ही टाकी बघून आळीतल्या लोकांनीच विचारलं, आमचे दीड दिवसाचे गणपती इथे विसर्जन केले तर? नदी लांब, म्हातारी माणसं. फादरनी होकार दिला. अट एकच, मूर्ती शाडूची हवी. माती झाडांना जाणार.

त्या दिवशी आवारात आरत्या, प्रसाद, सगळं झालं. फादरना इतके मोदक मिळाले की संध्याकाळी ते रोह्याला घेऊन गेले. सगळं छान चाललेलं, तेवढ्यात एक कुटुंब मूर्ती घेऊन आलं. फादरनी बोटाने वाजवून बघितलं. प्लास्टर. ते गृहस्थ म्हणाले, "पण आम्हाला तर शाडूची म्हणून दिली." कुणी दिली, म्हणून विचारलं, तर ते नानांना शोधायला लागले. नाना आत्तापर्यंत टाकीजवळच उभे होते. आता दिसेनात.

सापडले चर्चमध्ये. पापांची कबुली द्यायला आमच्याकडे एक लाकडी पेटी असते, एका बाजूला फादर बसतात नि दुसऱ्या बाजूला कबुली देणारा. नाना तिच्या पडद्यामागे लपलेले. फादरनी पडदा तसाच राहू दिला. आपल्या बाजूला जाऊन बसले आणि जाळीतून म्हणाले, "आलाच आहात, तर बोला."

आत काय बोलणं झालं ते फादर सांगणार नाहीत. पण बाहेर आल्यावर नानांनी त्या कुटुंबाची हात जोडून माफी मागितली, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या दुकानात शाडूच्या मूर्तींचं शेल्फ वेगळं, प्लास्टरचं वेगळं, वर मोठ्या अक्षरांत पाट्या. परत कुठे नेणार म्हणून टाकीतच सोडलेली ती प्लास्टरची मूर्ती आठवडाभर जशीच्या तशी बसून होती. हसत.

*

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही क्रुसाची वाट करतो. येशूच्या दुःखाची चौदा स्थानं, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना. फादरनी ती वाट चर्चमागे नेली. चौदा स्थानांना चौदा रोपं, उंडी पहिली. प्रत्येकाने घरून भांडी विसळलेलं पाणी बाटलीतून आणायचं आणि प्रार्थनेनंतर रोपाला घालायचं. भर उन्हाळ्यात एकही रोप जळलं नाही.

एका शुक्रवारी रोह्याची मंडळी गाडी उशिरा आल्यामुळे मागून पोहोचली. त्यांनी वाट पुन्हा पहिल्यापासून केली, पाण्यासकट. चिखल झाला. येशू तिसऱ्यांदा पडतो त्या स्थानावर थॉमस पडला. त्याला उचलायला गेलेले आमचे हेही चिखलात बसले. फादरनी पुस्तकातून वर न बघता पुढची प्रार्थना म्हटली, पण त्यांचे खांदे हलत होते.

मला हसू येईना. हे पडले की मी अजून आधी ह्यांच्या छातीकडे बघते.

*

चौथ्या वर्षी उंडी ह्यांच्या छातीला लागली. चकचकीत पानं, सरळ खोड. मी मनात म्हटलं, आता वर्षभरात फिटतोय. आणि पुढच्या मापाला बघते तर झाड दोन बोटं कमी. शेंडाच नाही. महिन्याने नवा शेंडा आला, तोही गेला.

चहाच्या वेळी चर्चा झाली आणि सगळ्यांचं बोट बायाबाईच्या शेळीकडे गेलं. कुंपणाचे काटे सुकलेले, शेळी तिथेच चरते, अजून काय हवं? आमचे हे कप विसळायला उठून गेले. बायाबाईला निरोप गेला. ती तरातरा आली, शेळीला दोरीने धरून, थेट उंडीपाशी. फांदी वाकवून बघितली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी शेळी कातरीनं खाते काय?"

शेंडा स्वच्छ कापलेला होता. तिरका, एका घावात.

घरी येऊन मी शिवणाचा डबा उघडला. माझ्या कात्रीची पाती चिकटत होती. उंडीचा चीक तसाच असतो, वाळला की सुटत नाही.

हे दारात उभे होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "गंमत म्हणून म्हणत होतो गं आधी. पण आता ते इथवर आलंय." त्यांनी छातीवर हात ठेवला, टाके होते तिथेच. "ते डोक्याला लागलं की मग?"

साडेतीन वर्षं मी बुटांवर हसत होते.

मी कात्री कपाटावर ठेवली. म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं कंपनीत काढलीत म्हणून तुम्हाला तसं वाटतं. देव शिफ्ट संपली म्हणून घरी जात नाही."

 त्या रात्री हे नीट जेवले.

बायाबाईच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेले. खरं सांगितलं आणि शेळीसाठी पेंड नेली. ती खो खो हसली. म्हणाली, "वैनी, भाऊला सांग, शेंडा खुडला की दोन फुटतात. आता दोन शेंडं वाढत्याल. नवस पळत येल बघ."

*

आला. मरियामातेच्या जन्माच्या सणाला आम्ही शेतातल्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतो. यंदा फादरनी त्याच दिवशी झाडांचाही सण ठेवला. आळीतली माणसं, रोह्याची मंडळी, बचत गट, नाना, बायाबाई, शेळी. दोन शेंड्यांची उंडी मधोमध. मूर्तींची उंची मोजायची आपली पट्टी नाना घेऊन आले होते.

हे मात्र कुठे दिसेनात. सकाळपासून घरी नव्हते. बूट दाराशी तसेच होते. फोनही घरीच. मिस्सा संपली, सगळे उंडीभोवती जमले, आणि माझं लक्ष फाटकाकडे. फादरनी मला खूण केली, थांबू या.

मग हे आले. फाटकातून नाही, चर्चच्या मागच्या बाजूने. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय अनवाणी आणि घोट्यापर्यंत मातीचे. कुणाशी न बोलता झाडाला पाठ लावून ताठ उभे राहिले. म्हणाले, "नाना, घ्या माप."

नानांनी पट्टी डोक्यावर आडवी धरली. दोनदा बघितलं. मग म्हणाले, "झाड तीन बोटं वर."

थॉमसने घंटा वाजवली. बायका माझ्या गळ्यात पडल्या. मी माऊलीचे आभार मानायला डोळे मिटले, आणि उघडले तर हे फादरना हाताला धरून मागच्या बाजूला नेत होते. आम्ही सगळे मागोमाग. तिथे नवा खड्डा खणलेला होता. दोन फूट, हाताने, कडा अगदी फिटरच्या.

हे म्हणाले, "फादर, हिची उंची पाच फूट एक. एक रोप द्या."

फादरनी ओळीने ठेवलेल्या कुंड्यांकडे बघितलं. "बकुळ देऊ?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. पायाच्या अंगठ्याने माती सारखी करत फादरना हळूच म्हणाले, "हळू वाढते ना?"

*

तर तुमच्याही घरात कुणी असेल, ज्याच्यासाठी तुम्ही बाकावर बसून काही मागितलंय, तर मेणबत्ती राहू द्या. त्याच्या उंचीचं झाड बोला. अंगणात जागा नसेल तर आमच्या चर्चमागे आहे. कुठल्या देवाचे तुम्ही, ते इथे कुणी विचारत नाही. फक्त येताना त्या माणसाला बरोबर घेऊन या, आणि बूट दाराशी काढा.